हिच वीस हजारांचा, गाडी साडेबारा हजारांची

प्रकरण मिशिगनमधलं आहे. डेट्रॉईटच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका मित्राने नोकरी सांभाळून लँडस्केपिंगचा जोडधंदा सुरू केला. लोकांच्या अंगणात खडी टाकायची, माती पसरायची, जुनी झुडपं काढून न्यायची. त्यासाठी त्याने 14 फुटी डंप ट्रेलर, म्हणजे हौदा कलवून माल ओतणारा ट्रेलर, घेतला. रिकाम्याचं वजन 4,000 पौंड, भरून कमाल 14,000. ओढायला घरची 2007 सालची पाऊण टनी पिकअप होतीच. तिच्या मागचा कंपनीचा मूळ हिच (ट्रेलर जोडण्यासाठी चासीला बसवलेली पोलादी चौकट) रस्त्यावरच्या मिठाने खाल्ला होता. चौकोनी नळीच्या तोंडाशी गंजाचे पापुद्रे सुटत होते आणि पिनेचं भोक लांबट झालं होतं. म्हणून त्याने बाजारातला सगळ्यात दणकट, ताकदीच्या पाचव्या वर्गातला, अडीच इंची नळीचा हिच मागवला. खोक्यावर छापलेलं होतं: 20,000 पौंड.

तो मला म्हणाला, "बसवायला मदत कर. एकदा हा लागला की चौदा हजार आरामात जातील."

माझा व्यवसाय वाहनांच्या सांगाड्याशी संबंधित आहे, त्यामुळे पान्याआधी मी कागद-पेन घेतलं. बसवण्याचं काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते खोक्यावरचा आकडा डोक्यातून काढणं.

आकडे कुणाचे?

ओढण्याच्या साखळीत बऱ्याच कड्या असतात: गाडी, तिचा मागचा अक्ष, टायर, हिच, बॉल माउंट (हिचच्या नळीत घालायची दांडी), बॉल (तिच्यावरचा गोळा), कपलर (त्या गोळ्यावर बसणारं ट्रेलरचं टोक), ट्रेलर. प्रत्येकीवर आपापला आकडा कोरलेला किंवा चिकटवलेला असतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा खरा. हिचवर वीस हजार लिहिलं म्हणजे हिच वीस हजारांना तुटणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गाडीची ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि चासी आहे तिथेच राहते.

या गाडीच्या पुस्तिकेत मागे जोडलेल्या ट्रेलरची मर्यादा 12,500 पौंड होती आणि गाडी व ट्रेलर मिळून 20,000. अमेरिकेत आता ओढण्याचे आकडे ठरवायला एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे2807 नावाचं प्रमाण आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांब चढ भर उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून चढवायला लागतो, असा नेम आहे. ते प्रमाण पहिल्यांदा 2008 साली आलं. ही गाडी त्याच्या आधीची, म्हणजे तिचा आकडा कंपनीने आपल्या पद्धतीने काढलेला. शिवाय गाडीला बरीच वर्षं झालेली. म्हणून मी मित्राला 12,000 ची रेघ मारायला लावली. तो जरा नाराज झाला. पण खरा घोळ पुढेच होता.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडी किती भार घेऊ शकते ते त्यावर लिहिलेलं असतं. इथे आकडा होता 2,350 पौंड. ट्रेलरचं नाक बॉलवर खाली दाबतं तो भार, म्हणजे टंग वेट, याच 2,350 मधून वजा होतो. अशा ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं लागतं. त्यापेक्षा कमी झालं की हायवेवर ट्रेलरची शेपूट डोलायला लागते आणि एकदा डोल वाढला की तो ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. डंप ट्रेलरच्या नाकावर हायड्रॉलिक पंप आणि बॅटरीची पेटी असते, त्यामुळे 13 टक्के धरणं योग्य. 12,000 चे 13 टक्के म्हणजे 1,560 पौंड, साधारण सातशे किलो. उरले 790. त्यात दोन माणसं, अवजारं, नव्या हिचचं जास्तीचं वजन आणि बॉल माउंट.

जुना हिच बदलण्याचं दुसरं कारणही इथेच सापडलं. त्याच्या स्टिकरवर टंग वेटची मर्यादा 1,250 होती. म्हणजे गंज चढला नसता तरी या ट्रेलरला तो कमीच पडला असता.

मित्राचे वडील तेव्हा उन्हाळ्यासाठी इकडे आलेले होते. काका सांगली जिल्ह्यातले. कारखान्याला ऊस घालायला घरचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून ते सगळं ऐकत होते. मध्येच म्हणाले, "अरं पण हे ओढायचं हाय का उचलायचं? आमच्या ट्रॉलीला चार चाकं. वजन तिचं तीच घेती, ट्रॅक्टर निस्ता ओढतो."

प्रश्न अगदी नेमका होता. उसाच्या चारचाकी ट्रॉलीची पुढची चाकं वळणाऱ्या टर्नटेबलवर असतात आणि दांडी बिजागरीवर वरखाली हलते. ट्रॅक्टरच्या हुकावर जवळजवळ फक्त आडवी ओढ येते. इथल्या ट्रेलरचे दोन्ही अक्ष मध्याच्या जरा मागे, पुढे चाकच नाही. पुढचं चाक म्हणजे आपली पिकअप. आणि तिच्यावर तो भार मागच्या अक्षाच्याही पाठीमागे, बॉलच्या जागी पडतो.

या गाडीच्या दोन अक्षांत 158 इंचांचं अंतर आहे आणि बॉल मागच्या अक्षापासून 60 इंच मागे. तरफेचा हिशेब लावला तर बॉलवर 1,560 पौंड दाबले की पुढच्या चाकांवरचा सुमारे 590 पौंड भार उचलला जातो आणि मागच्या अक्षावर 2,150 वाढतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग ढिलं लागतं, ब्रेकची पकड कमी होते, रात्री हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात. मागचे स्प्रिंग बसले एवढंच लोकांना दिसतं. पुढे काय झालं ते दिसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे भार वाटणारा हिच. दोन पोलादी स्प्रिंग-दांड्या बॉलच्या डोक्यातून मागे ट्रेलरच्या नाकाला ताणून बांधतात आणि तो ताण मागच्या अक्षावरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो. नव्या हिचच्या कागदावर लिहिलं होतं की पूर्ण क्षमतेपर्यंत या दांड्यांची गरज नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की 5,000 च्या पुढे त्या हव्यातच. मित्राने अर्थातच सोयीचा कागद उचलला. मी पुस्तिकेच्या बाजूने राहिलो: हिच वाकणार नाही हे हिचवाला सांगू शकतो, पुढचं चाक रस्त्यावर किती टेकतं हे त्याला कसं कळणार?

चासीपाशी

मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षीची तपासणी नसते आणि हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. त्यामुळे गाडीखाली काय चाललंय हे मालकाने स्वतः शिरून पाहिल्याशिवाय कुणी सांगत नाही. स्टेपनी आधी खाली उतरवली, कारण ती हिचच्या बरोबर आड येते. सायलेन्सरची नळी रबरी कड्यांतून सोडवून थोडी खाली घेतली. जुन्या हिचच्या बोल्टांवर आदल्या दोन संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी उजवीकडचा एक हलेना. पान्याला लांब नळी लावली तर नट गोल व्हायला लागला. शेवटी ग्राइंडरने कापला.

जुना हिच उतरल्यावर जे दिसलं त्याच्यासाठी हे लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल. हिचची पाटी आणि चासी यांच्या मधल्या फटीत गंजाचा थर साचून फुगला होता. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट, त्यामुळे तो आतून पाटीला बाहेर ढकलतो आणि बोल्टांचा ताण खातो. बाहेरून काळा रंग शाबूत, आत वर्षानुवर्षं ही ढकलाढकल. खरवडणीने पापुद्रे काढले, तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासलं आणि मग छोट्या हातोडीने चासीच्या बाजूवर टपाटप ठोकत गेलो. शाबूत पोलाद टणटणतं. कुजलेलं भद्द वाजतं, एवढ्या फरकाला कान पुरतो. पूर्ण लांबी टणटणली.

मग जाडी मोजली. शाबूत भागात 4.1 मिलिमीटर, सर्वांत वाईट खळग्यात 3.6. खळगा नव्या बोल्टांच्या भोकांपासून हातभर दूर होता आणि भोकांच्या कडा गोल, चिरेविना होत्या. एवढ्यावर मी पुढे जायला हो म्हटलं. भोकाच्या कडेला अशीच झीज असती किंवा हातोडी कुठे भद्द वाजली असती, तर हिच खोक्यात परत गेला असता. चासीवर जोडपट्टी ठोकून त्यावर पाच टनांचा ट्रेलर लटकवण्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. "बोल्ट कशाला? चार टाके वेल्डिंगचे मारा आन् मोकळं व्हा की." गावाकडे ट्रॉलीची दांडी तशीच जोडतात, जाड साधं चॅनेल असतं, सीझनभर चालतं, तडा गेला की फॅब्रिकेटर पुन्हा टाका मारतो. पिकअपची चासी पातळ, ताकदवान पोलादाची. वेल्डच्या शेजारचा पट्टा तापून बदलतो आणि रस्त्याच्या लाखो हेलकाव्यांत तडा बरोबर तिथून सुरू होतो. नवी भोकंही वाटेल तिथे पाडायची नसतात. चासीच्या पट्टीची वरची आणि खालची बाजू, म्हणजे फ्लँज, वाकण्याचा सगळा ताण घेते. तिथे भोक नको. हा हिच या मॉडेलसाठीच बनवलेला असल्याने कंपनीच्या मूळ भोकांतच बसला. मॉडेलचं वर्ष नीट न बघता स्वस्तातला जवळपासचा हिच घेणारे इथे फसतात आणि ड्रिल हातात घेतात.

चासी मागच्या भागात बंद डब्यासारखी आहे, आत हात जात नाही. बोल्ट आत पोचवायला एका टोकाला स्प्रिंगचे वेटोळे असलेली तार मिळते. तार छोट्या भोकातून घालून शेजारच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिच्यावर आधी चौकोनी भोकाचा पोलादी ठोकळा ओवायचा, मग बोल्टाचे आटे वेटोळ्यात फिरवायचे आणि उलटं ओढत आणायचं. ओढताना झटका दिला की बोल्ट तारेतून सुटतो, ठोकळा चासीत पडतो आणि गाडी विकेपर्यंत खुळखुळत राहतो. एक ठोकळा पडला. लोहचुंबकाने काढता आला. हिच स्वतः नव्वद पौंडांच्या घरातला. दोघांनी छातीवर तोलण्यापेक्षा जॅकवर ठेवून वर नेणं शहाणपणाचं.

इथे मित्राच्या एका उत्साहाला लगाम घालावा लागला. गंज नको म्हणून त्याने चासीला डांबरासारखं जाड रबरी कोटिंग फासायला डबा आणून ठेवला होता. बाकी चासीला फास, पण जिथे हिचची पाटी टेकते तिथे नको. तिथे फक्त जस्ताच्या प्रायमरचा पातळ हात. कारण समजून घेण्यासारखं आहे. पुष्कळांना वाटतं की बोल्ट हे खुंट्यांसारखे आडवा भार झेलतात. चांगल्या जोडात ते तसं करतच नाहीत. ते दोन पाट्या एकमेकींवर इतक्या जोरात दाबून धरतात की सगळी ओढ घर्षणातून जाते.

अर्धा इंची, ग्रेड 8 या ताकदीचा बोल्ट, कागदावर टॉर्क (कसण्याचा पीळ) 110 फूट-पौंड, म्हणजे साधारण 150 न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांवर एवढ्या टॉर्कने बोल्टात सुमारे 13,000 पौंडांचा ताण येतो. एका बोल्टात जवळपास सहा टन. असे आठ बोल्ट. पोलादावर पोलादाचं घर्षण 0.3 धरलं तरी पाट्या सरकायला तीस हजार पौंडांच्या वर ओढ लागेल, म्हणजे 12,000 च्या ट्रेलरला भरपूर. पण मधे मऊ कोटिंग असेल तर ते दाबाखाली हळूहळू पसरतं, ताण उतरतो, पाट्या सरकायला लागतात आणि मग बोल्ट खरोखरच खुंट्या बनून भोकं लांबट करतात.

तेलाचंही तसंच, उलट्या बाजूने. आट्यांवर गंजाचं तेल राहिलं तर घर्षण घटतं आणि त्याच 110 वर ताण 17,600 पर्यंत चढू शकतो. या बोल्टची हमीची मर्यादा 17,000 च्या आसपास आहे. टॉर्क रेंच प्रामाणिकपणे कट्ट वाजवेल आणि बोल्ट आतून ताणला गेलेला असेल. म्हणून नवे बोल्ट, आटे पुसून कोरडे, आणि कसणं टप्प्याटप्प्याने: आधी सगळे हाताने, मग 60, मग 110, डावा-उजवा आलटून पालटून. प्रत्येक नटावरून पाटीपर्यंत पांढऱ्या मार्करची एक रेघ.

बाकीची जोडणी पटकन उरकली. ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक जोडणारा सात पट्ट्यांचा प्लग हिरवा पडला होता, तो बदलला. ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या कंट्रोलरची जागा डॅशबोर्डखाली तयारच होती. अडीच इंची नळीत दोन इंची जुना बॉल माउंट घालायला बाही मिळते. ती घेतली नाही, कारण मग साखळी पुन्हा जुन्या माउंटच्या आकड्यावर येते आणि वर खडखडाट. बॉल 2 पूर्णांक 5/16 इंचांचा, ट्रेलरच्या कपलरवर कोरलेला तोच. दोन इंची बॉल या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो, खिटीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला निसटतो. म्हणून खिटी लावल्यावर ट्रेलरचा जॅक उलटा फिरवून गाडीचं बूड दोन इंच उचलून बघायचं. साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेदून बांधायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडतं. भार वाटणाऱ्या दांड्यांचे ब्रॅकेट मात्र पंपाच्या पेटीला अडले. पेटी चार बोल्टांवर होती, ती सात इंच वर सरकवली.

काट्यावर

इथे ट्रक-थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. पुढचा अक्ष, मागचा अक्ष आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळ्या पाटांवर एकदमच मिळतं. आम्ही तीनदा तोललं. एकटी गाडी, आत दोघं आणि अवजारं: पुढे 4,200, मागे 3,100. भरलेला ट्रेलर जोडून, दांड्या मोकळ्या: पुढे 3,600, मागे 5,260, ट्रेलरच्या चाकांवर 10,440. दांड्या ताणून: पुढे 3,960, मागे 4,640, ट्रेलर 10,700.

तरफेचं गणित कागदावर मांडलं तेव्हा मित्र मान डोलावत होता, पण पटलं ते दुसरी पावती हातात पडल्यावर. पुढून सहाशे गेलेले आणि दांड्यांनी त्यातले 360 परत आणलेले. टंग वेट 1,560, ठरवल्याप्रमाणे. दांड्यांविना गाडीच्या चाकांवर एकूण 8,860; तिची मर्यादा 9,200. सगळं मिळून 19,300, मर्यादा 20,000. हाच ट्रेलर 14,000 पर्यंत भरला असता तर तेराशेने वर. हिचला त्याचा पत्ताही लागला नसता.

शंभरेक मैल चालवल्यावर रेघा तपासल्या. आठांपैकी सात जागच्या जागी. उजवीकडचा सर्वांत मागचा नट टॉर्क रेंच लावल्यावर थोडा फिरला. चासीच्या आत, ठोकळा टेकतो त्या जागी ब्रश पोचत नाही. तिथला गंज ठोकळ्याखाली चुरडून बसला असणार. पुन्हा कसला, नवी रेघ मारली. त्यानंतरच्या दोन तपासण्यांत ती हललेली नाही. हलत राहिली असती तर कसत बसण्यात अर्थ नव्हता, तो बोल्ट काढून आतली जागा साफ करावी लागली असती. कागदात हे पुन्हा कसणं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक ती ओळ गाळतात.

उरला प्रश्न भरायचं किती याचा, कारण रोज काट्यावर कोण जाणार. ट्रेलरचा हौदा 14 बाय 7 फूट, बाजू दोन फूट उंच. खडी एका घनयार्डाला सुमारे 2,800 पौंड भरते. दोन फूट काठोकाठ भरली तर नुसती खडीच वीस हजारांच्या पुढे जाते, ट्रेलरचाही चुराडा. 12,000 मधून रिकाम्या ट्रेलरचे 4,000 वजा केले की उरतात 8,000 पौंड, म्हणजे हौद्यात जेमतेम साडेनऊ इंच. आम्ही आतल्या बाजूने नऊ इंचांवर लाल रंगाची रेघ ओढली. खडीच्या दुकानातला लोडरवाला पहिल्या खेपेला ती बघून हसला आणि म्हणे, "एवढीच?"

काकांनी हौद्यात वाकून रेघ बघितली आणि विचारलं की मग दोन फुटांच्या बाजू ठेवल्या कशाला. त्या मल्चसाठी. लाकडाचा कोरडा भुगा घनयार्डाला 600 ते 800 पौंड, काठोकाठ भरला तरी सहा हजारांच्या आत. ओली माती मात्र लाल रेघेचीच गिऱ्हाईक, पाऊस झाला असेल तर रेघेच्याही दोन बोटं खाली. मित्र आता एका खेपेचं काम दोन खेपांत करतो आणि गिऱ्हाइकाला दोन्ही खेपांचे पैसे लावतो.